तेहेतीस घरांचं कार्ड

बंद पडलेल्या त्या सिनेमागृहात त्या दुपारी मुंगीला शिरायला जागा नव्हती. खुर्च्या भरल्या, मधल्या वाटा भरल्या, वर बाल्कनीत लोक कठड्याला टेकून उभे राहिले. आणि एवढी माणसं असून आवाज कसला, तर फक्त पंख्यांचा. चारशे माणसं माना खाली घालून आपापल्या फोनवर आपापलं दुःख टाइप करत होती.

मंचावर मोठ्या खुर्चीत अंतर्यामी बसले होते. त्यांचं खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं आणि कुणी विचारतही नव्हतं. पांढरा सूट, पांढरे बूट आणि ऐन उन्हाळ्यात कानांवरून ओढून घेतलेली पांढरी लोकरीची टोपी. टोपी कशाला, असं कुणी विचारलंच तर त्यांचे सेवक सांगत, "जगाचं दुःख ऐकून ऐकून कान गार पडतात महाराजांचे." लोक माना डोलवत. कुणाला हसू येत नसे, हे विशेष.

"बाळांनो," अंतर्यामी माइकवर बोलले, "दुसरे महाराज तुमचा हात बघतात, कपाळ बघतात, पत्रिका मागतात. मला काही नको. नाव नको, नंबर नको, तोंडही दाखवू नका. कार्डावरचा चौकोन फोनला दाखवा, ते गुप्त सॉफ्टवेअर उघडेल, मन मोकळं करा. तुमचा निरोप जगाच्या तीन कोपऱ्यांत फिरून माझ्यापाशी येतो. कुणी पाठवला हे पोलिसांना कळत नाही, सरकारला कळत नाही. कळतं फक्त मला."

मग त्यांनी डोळे मिटले. चांगली दोन मिनिटं तशीच गेली.

"एक जीव तळमळतोय. सख्ख्या भावाशी सात वर्षं अबोला आहे त्याचा. न्हावीदादा, उठा. भावाच्या घरी जा."

चौथ्या रांगेतला न्हावी उठला तोच रडत. "नाव घातलं नव्हतं हो मी," तो शेजाऱ्यांना सांगत होता, "आईशप्पथ, नाव घातलं नव्हतं." सभागृहभर शहारा गेला.

हीच वेळ साधून मुख्य सेवकाने मास्तरांना मंचावर बोलावलं. मास्तर म्हणजे गावातल्या संगणक वर्गाचे मालक, शिक्षक आणि शिपाई, तिन्ही एकच. वय चाळिशीचं, लग्न केलेलं नाही, राहणं थोरल्या बहिणीपाशी. गावात कुणाचा प्रिंटर अडला की बोलावणं यांनाच. देवाधर्माशी त्यांचं वाकडं नव्हतं, पण चमत्कार म्हटला की त्यांचं कपाळ आठ्यांनी भरायचं. सेवकांनी नेमकं हेच हेरलं होतं.

"मास्तर, तुम्ही जाणकार. हे सॉफ्टवेअर तुम्ही तपासलंत ना? खरं आहे की बनावट?"

"खरं आहे. जगभर वापरतात."

"मग निरोप पाठवणारा कोण, हे त्यावरून कळू शकतं?"

"नाही," मास्तर म्हणाले. "बिलकुल नाही."

टाळ्यांनी छप्पर उडायची वेळ आली. खोटं कशाला बोला, मास्तरांनाही ती टाळी आवडली. आयुष्यभर पोरांना फोल्डर आणि फाइल यातला फरक शिकवणाऱ्याला कोण टाळ्या वाजवतं?

पण टाळ्या थांबायच्या आत अंतर्यामी पुन्हा बोलले. "डोळ्यांत रोज औषधाचे थेंब घालणारी एक माउली इथे आहे. भरतकाम करणारे हात आहेत तिचे. उठा, आक्का. आजपासून थेंब बंद. औषध आणि कृपा एका डोळ्यात नांदत नाहीत. आणि शस्त्र तर डोळ्याला लावूच देऊ नका."

मास्तरांनी मंचावरून पाहिलं. तिसऱ्या रांगेत हात जोडून उभी होती ती त्यांचीच आक्का.

आक्काला काचबिंदू होता. हा दुखत नाही, खुपत नाही, म्हणून माणसाला खरा वाटत नाही. डोळ्यातला दाब वाढतो आणि नजर कडेकडेने खात जातो. समोरचं स्वच्छ दिसतं, बाजूचं नाहीसं होतं. आक्का सुईत दोरा पहिल्या झटक्यात ओवायची, पण दाराच्या चौकटीला खांदा आपटायची. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, "गेलेली नजर परत आणता येत नाही, आहे ती राखता येते. थेंब चुकवू नका. आणि महिन्याअखेरीला ऑपरेशन करून टाकू."

त्या संध्याकाळी थेंबांची बाटली आक्काने कपाटात मागे सारली.

"आक्का, वेड लागलंय का तुला?"

"मला नाही लागलं. मी माझ्या डोळ्यांबद्दल लिहिलं, ते त्यांना कळलं. मी कोण हे लिहिलं नव्हतं, तेही कळलं. कसं कळलं, सांग."

"काहीतरी चलाखी असणार."

"कुठली?"

मास्तर बाटली काढायला कपाटाकडे वळले.

"तूच समजावलं होतंस ना मला?" आक्का म्हणाली. "एका पाकिटात दुसरं पाकीट, त्यात तिसरं. वाटेतलं पहिलं ठाणं पहिलं पाकीट फोडतं. त्याला पाठवणारा कोण ते कळतं, पण पोचवायचं कुठे ते कळत नाही. शेवटच्याला पोचवायचं कुठे ते कळतं, पाठवणारा कळत नाही. आणि मधल्याला दोन्ही नाही. खरं की खोटं?"

"खरं."

"मग चारशे माणसांदेखत दिलेली साक्ष आता घरात येऊन फिरवू नकोस."

आपलीच काठी आपल्याच पाठीत बसावी तसं मास्तरांचं झालं. पुढचे दहा दिवस त्यांनी जिवाचं रान केलं. वर्गातल्या पंधराच्या पंधरा संगणकांवर ते सॉफ्टवेअर घातलं, निरोप पाठवून पाहिले, त्यांची वाट तपासली. कधी तीन देशांतून, कधी तीन खंडांतून निरोप जात होता आणि वाट दर थोड्या वेळाने बदलत होती. त्यांनी आक्काचा फोन उलटापालटा केला, त्यात कुठला हेर नव्हता. सभागृहाच्या छताला कॅमेरा शोधला, तिथे कबुतरं होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो प्रकार अगदी हाच, पण काखेत पाहायचं हे सुचायला सुद्धा योग लागतो.

इकडे आक्काने अंतर्यामींसाठी भरतकाम काढलं होतं. कार्डावरचा तो काळापांढरा चौकोन ती कापडावर भरत होती, सभागृहाच्या दारावर लावायला म्हणून. घरं मोजून नक्षी भरणाऱ्या बाईला असा चौकोन म्हणजे पर्वणी. आडवी तेहेतीस घरं, उभी तेहेतीस घरं. काळ्या घरात टाका, पांढरं मोकळं. घरी रात्री जेवणं होईपर्यंत ती आपल्या कार्डावरून भरायची. दुपारी उजेड चांगला म्हणून समोरच्या शिवणवाल्या काकूंच्या खिडकीशी बसायची, आणि तिथे काकूंचं कार्ड पुढे ठेवायची.

अकराव्या दिवशी मास्तर वर्गावरून दुपारी घरी आले तर आक्का कापड मांडीवर घेऊन रडत होती. आक्का रडते हे मास्तरांनी वडील गेले तेव्हा पाहिलं होतं, त्यानंतर आजच.

"काय झालं?"

"माझे डोळे गेले रे," ती म्हणाली. "उजवीकडचं सगळं जुळतं. डावीकडच्या आठ रांगा काही केल्या जुळत नाहीत. घरी मोजून भरते, काकूंकडे जाऊन बघते तर चुकलेलं. उसवते, तिथे नीट भरते, घरी येऊन बघते तर पुन्हा चुकलेलं. तीनदा उसवलं. चाळीस वर्षांत माझं एक घर चुकलं नाही. समोरचं तरी दिसत होतं मला, तेही गेलं." मग हळूच म्हणाली, "थेंब बंद करायला नको होते का रे?"

बाटली आणायला मास्तर उठलेच होते, पण अर्ध्या वाटेत थांबले.

"काकूंकडे कुठल्या कार्डावरून बघतेस?"

"त्यांच्या."

"आणि घरी?"

"माझ्या. त्यात काय तुझं नि माझं? एका छापाची कार्डं सगळी."

मास्तर समोर गेले, काकूंचं कार्ड मागून आणलं, आक्काच्या कार्डावर नीट कोपऱ्याला कोपरा लावून ठेवलं आणि दोन्ही खिडकीच्या काचेवर दाबून धरली. मागून ऊन येत होतं. कोपऱ्यातले तीन मोठे चौकोन एकावर एक बसले. उजवी बाजू बसली. डावीकडे मात्र एकाच्या पांढऱ्या घरात दुसऱ्याचं काळं डोकावत होतं. आक्काने बोट लावून मोजलं. आठ रांगा.

"तुझं एकही घर चुकलेलं नाही, आक्का," मास्तर म्हणाले. "कार्डंच वेगळी आहेत."

आक्का काचेकडे बघत राहिली. मग पदराने डोळे पुसून म्हणाली, "आधी ती बाटली आण. मग सांग हे काय आहे ते."

थेंब घातल्यावर मास्तरांनी दोन फोनवर दोन कार्डं उघडून दाखवली. पत्ता छप्पन्न अक्षरांचा, ज्याला ना अर्थ ना उच्चार. असा पत्ता कोण वाचतो? पण पत्ता संपल्यावर एक शेपूट होतं. आक्काच्या कार्डाचं शेपूट दोनशे बारा, काकूंच्या कार्डाचं दोनशे तेरा.

"तुम्ही दोघी दारातून एकामागोमाग आत गेलात ना?"

"हो. मी पुढे, काकू मागे. टेबलाशी वहीत नाव लिहून घेतलं, कामधंदा आणि गल्ली लिहून घेतली, आणि कार्ड दिलं." आक्का थबकली. "म्हणजे माझ्या नावापुढे माझाच आकडा."

"आणि आत बसून तू निरोप पाठवलास की आकडा बरोबर जातो. सॉफ्टवेअरने तुझी वाट लपवली, ते काम त्याने चोख केलं. पण पाकिटाच्या आत तूच आपला क्रमांक घालून दिलास, तर ते बिचारं काय करणार? बुरखा घालून निघालीस आणि बुरख्यावर नावाची पाटी." मास्तरांनी खिशातून स्वतःचं कार्ड काढलं. त्याचं शेपूट होतं चौतीस. "हे मी दहा वेळा पाहिलं, आक्का. पत्त्याचाच भाग समजलो. एकच कार्ड पाहिलं, दुसरं शेजारी ठेवून पाहिलं नाही. दुसऱ्याला अडाणी म्हणायचं तोंड नाही मला."

"ते राहू दे," आक्का म्हणाली. "परवा सभा आहे. काकूंना बोलाव."

काकूंना बोलवावं लागलं नाही. आपलं कार्ड का नेलं हे बघायला त्या दारातच उभ्या होत्या.

सभेच्या दिवशी काकूंनी मास्तरांच्या कार्डावरून निरोप पाठवला. लिहिताना बाई की बुवा ते कळू द्यायचं नाही, एवढंच ठरलं होतं. मजकूर असा: "सुनेशी पटत नाही. स्वयंपाकघरात पाय ठेवायची चोरी झाली आहे. काय करावं?" हा मजकूर सुचायला काकूंना फार विचार करावा लागला नाही.

अंतर्यामींनी डोळे मिटले. टोपी जरा सारखी केली.

"आज एक विद्वान जीव माझ्यापुढे उकलला," ते म्हणाले. "यंत्रांना शहाणं करतो, पण घरात हरलाय. मास्तर, उठा. लाजू नका. सुनेला मोठ्या मनाने क्षमा करा. स्वयंपाकघर तिचं आहे."

मग बाल्कनीतून कुणीतरी फिस्कन हसलं.

काकू उभ्या राहिल्या. "अहो महाराज, मास्तरांचं अजून लग्न व्हायचंय. बाजारात तुरी अशातली गत झाली ही."

सभागृह हसण्याने हललं. अंतर्यामी मात्र कसलेले होते. हात वर करून म्हणाले, "मूढ जनहो, मी मागच्या जन्मीची सून पाहिली."

"मग तिचं स्वयंपाकघर माझ्या घरात कसं?" काकू म्हणाल्या. "निरोप मी लिहिलाय, ह्या जन्मीच्या सुनेबद्दल. फक्त मास्तरांच्या कार्डावरून."

काकूंची सून दोन रांगा मागेच बसली होती. त्या घरात संध्याकाळी काय बोलणं झालं ते आपल्याला ठाऊक नाही.

तोवर मास्तर आक्काचा हात धरून तिला मंचावर घेऊन आले होते. आक्काने तीनदा उसवलेलं कापड समोर धरलं.

"मी शिकलेली बाई नाही," ती म्हणाली. "मला घरं मोजता येतात. तुम्ही सगळे आपापलं कार्ड शेजारच्याच्या कार्डावर ठेवा, कोपऱ्याला कोपरा लावून. मागून फोनचा दिवा लावा आणि डावीकडे बघा. माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः बघा."

अंधारलेल्या सभागृहात एकेक करत दोनशे दिवे लागले. कुजबुज सुरू झाली. "जुळत नाही." "आमचंही नाही." "अरे, हे वेगळंय."

मास्तरांनी मंचावरचा दुसरा माइक घेतला. "मी इथेच उभा राहून साक्ष दिली होती. सॉफ्टवेअर निरोप पाठवणाऱ्याला लपवतं, हे मी म्हणालो, आणि ते आजही खरं आहे. साहेबाच्या अन्यायाविरुद्ध तक्रार करणाऱ्याला, आजार लपवून सल्ला विचारणाऱ्याला त्याचा आधार असतो. पण मला विचारलं तेवढ्याचंच उत्तर दिलं मी. दारातलं टेबल, ती वही आणि हातातलं कार्ड मी तपासलंच नाही. प्रत्येक कार्डावर वेगळा आकडा आहे, आणि वहीत त्या आकड्यासमोर तुमचं नाव. माझी साक्ष अर्धी होती. तुम्ही ती पूर्ण समजलात, यात माझीही चूक आहे. माफ करा."

"महाराजांच्या लहरी बिघडवताय तुम्ही," मुख्य सेवक ओरडला.

"मग साधी गोष्ट करू," मास्तर म्हणाले. "सगळ्यांनी आपली कार्डं अदलाबदल करायची. कुणी कुणाशी केली ते सांगायचं नाही. पुन्हा निरोप पाठवा. महाराजांनी एक नाव बरोबर सांगितलं, तर मी माझा वर्ग बंद करून त्यांच्या पायाशी बसतो. फक्त एक."

कार्डं हातोहात फिरली. निरोप गेले. अंतर्यामींनी डोळे मिटले ते मिटलेच. पाच मिनिटं झाली, दहा झाली.

तेव्हा न्हावी मंचावर चढला. भावाकडे जाऊन अबोला सोडून आला होता बिचारा, त्यामुळे त्याचा राग अर्धवटच होता. "महाराज, घामाने भिजलात," तो म्हणाला. "जन्म गेला माझा लोकांची डोकी हाताळण्यात. जरा टोपी काढू का?" आणि उत्तराची वाट न बघता त्याने ती अलगद उचलली. कानातून एक बारीक इअरफोन निसटून खुर्चीवरच्या माइकपाशी लोंबकळला, आणि त्यातला आवाज साऱ्या सभागृहाने ऐकला.

"दादा, वहीचा काही उपयोग नाही. मागच्या दाराने निघा."

प्रोजेक्टरच्या खोलीत वही सापडली. क्रमांक, नाव, कामधंदा, गल्ली, बसायची रांग, आणि दोन्ही सभांना आलेला प्रत्येक निरोप, सुवाच्य अक्षरात. लोकांनी कुणाला हात लावला नाही. मास्तर आणि काकू वही घेऊन पोलीस ठाण्यात गेले आणि रीतसर तक्रार नोंदवून आले. न्हाव्याने मात्र वहीतली पानं कुणी वाचू नयेत म्हणून सगळ्यांना विनवलं, आणि ते बरोबरच होतं. लोकांची दुःखं खरी होती, ती कुणाच्या करमणुकीसाठी नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आक्का डॉक्टरांच्या खोलीत बसली. डॉक्टरांनी डोळ्यांचा दाब मोजला, मग एका यंत्रापुढे बसवून कडेची नजर तपासली. ही तपासणी अर्धा तास चालली.

"किती दिवस थेंब नव्हते?"

"अकरा."

"दाब अजूनही बराच वाढलेला आहे. डाव्या डोळ्याची कड आणखी थोडी गेली. ती परत यायची नाही. बाकीची आपण राखू. ऑपरेशन पुढे ढकलू नका."

आक्का म्हणाली, "डॉक्टर, रागावू नका. एकदा दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं तर चालेल?"

मास्तर दचकले. डॉक्टर मात्र उठले, कपाटातून फाइल काढली आणि सगळे रिपोर्ट आक्कासमोर ठेवले. "जरूर दाखवा. हे आकडे त्यांना दाखवा, त्यांच्या यंत्रावर पुन्हा मोजून घ्या. माझी चूक निघाली तर मला येऊन सांगा."

दुसऱ्या डॉक्टरांचे आकडे तेच निघाले. ठरल्या तारखेला ऑपरेशन झालं. आज आक्का सुईत दोरा ओवते, आणि दारातून जाताना मान वळवून बघायची सवय तिने लावून घेतली आहे.

तिच्याकडे आता बायका येतात. अमुक गावात कुणीतरी फोटोवरून रोग ओळखतो, तमुक कुणी मनातलं सांगतो, खरं असेल का, विचारतात. आक्का खरं-खोटं काही सांगत नाही. ती म्हणते, "मला नका विचारू. त्यालाच जाऊन विचारा, की महाराज, आम्ही तुम्हाला तपासून पाहिलं तर चालेल का? जो हो म्हणेल त्याचं ऐका, आणि तपासूनच ऐका. जो चिडेल त्याच्या हाती आपले डोळे देऊ नका. मी अकरा दिवस दिले होते."